छातीवरच्या पक्ष्यावर जाऊ नका : चिनी पूर्वजचित्रं आणि त्यांतले हुद्दे

दप्तरदार

जुन्या चिनी चित्रांच्या लिलावाची पानं चाळायची मला खोड आहे. घेत काही नाही, ऐपतही नाही, नुसतं बघतो. त्यात एक प्रकार हमखास असतो. खुर्चीत ताठ बसलेला म्हातारा, शेजारी तशीच ताठ म्हातारी, दोघांची नजर थेट आपल्यावर, हात अस्तन्यांत गडप, चेहऱ्यावर ना हसू ना राग. म्हाताऱ्याच्या अंगावर गडद निळा झगा, छातीवर भरतकामाचा चौकोन आणि चौकोनात एक पक्षी. खाली ओळही ठरलेली: 'पहिल्या दर्जाचा अधिकारी व पत्नी'. इतके पहिल्या दर्जाचे अधिकारी खरंच असते, तर चीनमध्ये हुकूम सोडायला सगळे आणि पाळायला कोणीच उरलं नसतं.

म्हणून हा धागा.

आधी हे, की ही चित्रं दिवाणखान्यात मिरवायची नव्हेत. वर्षातला बहुतेक काळ ती गुंडाळून पेटीत असायची. नववर्षाला बाहेर काढून घरात किंवा कुळाच्या पूर्वजगृहात टांगायची, समोर जेवणाची ताटं, मद्याचे पेले, उदबत्त्या मांडायच्या, घरातल्यांनी वडीलकीच्या क्रमाने कपाळ जमिनीला लावून नमस्कार करायचा आणि सण सरला की पुन्हा गुंडाळी. माणूस समोर तोंड करून बसलाय तो त्यासाठी. तिरपा बसलेला, पुस्तक वाचणारा, बागेत फिरणारा माणूस चिनी चित्रांत भरपूर सापडतो, पण त्याला कोणी नैवेद्य दाखवत नाही.

आता हुद्दा. मिंग घराण्याच्या दरबाराने १३९१ साली नियम केला: मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर आणि पाठीवर पक्षी, लष्करी अधिकाऱ्याच्या पशू. पुढे चिंग घराणं आलं. ते मांचू, म्हणजे ईशान्येकडून आलेले, मूळ हान चिनी नव्हेत. त्यांनी दरबारी पोशाख पार बदलला, पण हा चौकोन ठेवला आणि १६५२ मध्ये आपला तक्ता जाहीर केला. दर्जे नऊ. मुलकी बाजूला पहिल्याला क्रौंच, दुसऱ्याला सोनेरी फेझंट (लांब शेपटीचा, रानकोंबड्याच्या जातीतला पक्षी), तिसऱ्याला मोर, मग रानहंस, रुपेरी फेझंट, बगळा, मँडरिन बदक, लावा आणि नवव्याला स्वर्गीय नर्तक. लष्करी बाजूला सिंह, बिबळ्या, वाघ, अस्वल असे उतरत उतरत शेवटी लाटांवरून दौडणारा घोडा. पुढे सगळ्यांत वर चिलिन हा काल्पनिक प्राणी बसला आणि सिंह एक पायरी खाली सरकला. न्यायनिवाडा आणि देखरेख करणाऱ्यांना वेगळाच एकशिंगी पशू. राजघराण्यातल्यांना चौकोन नाही, गोल, आणि त्यात ड्रॅगन.

टोपीच्या शेंड्यावरचा मणीही दर्जाप्रमाणे. १७३० च्या सुमाराला ते पक्कं झालं: पहिल्याला माणिक, दुसऱ्याला पोवळं, तिसऱ्याला पारदर्शक निळा, चौथ्याला अपारदर्शक निळा, पाचव्याला स्फटिक, सहाव्याला दुधी पांढरा, त्याखाली सोनेरी.

एवढा तक्ता हाती आला की वाटतं, झालं, आता कुठलंही चित्र वाचता येईल. इथेच फसायला होतं. चित्रातला हुद्दा म्हणजे त्या माणसाच्या नोकरीचा दाखला नव्हे. तो त्याच्या घराण्याचा दावा असतो. कधी बादशाही फर्मानाने मिळालेला, कधी पैसे मोजून घेतलेला, कधी चित्रकाराने हात सैल सोडून दिलेला आणि कधी विक्रेत्याने मागाहून चिकटवलेला.

फर्मानाचं आधी सांगतो, कारण तेच सगळ्यांत मजेशीर आहे. मुलगा अधिकारी झाला की त्याच्या बापाला, आजोबांना, आई-आजीलाही त्याच्याच दर्जाचा मान मिळायचा, मग ते हयात असोत वा नसोत. किती पिढ्या मागे जायचं तेही ठरलेलं. पहिल्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या तीन पिढ्या, म्हणजे पणजोबांपर्यंत. दुसऱ्या-तिसऱ्याच्या दोन. चौथ्यापासून सातव्यापर्यंत फक्त आईवडील. आठव्या-नवव्याला मागे काहीच नाही, जे काय ते स्वतःपुरतं. ही फर्मानं रंगीत रेशमी पट्ट्यांवर मांचू आणि चिनी अशा दोन्ही लिप्यांत लिहिलेली असत आणि घराण्यात जिवापाड जपली जात.

म्हणजे बघा, जन्मभर भातशेती करून मेलेला पणजोबा. अक्षरओळख नाही, सरकारी कचेरीची पायरी चढला असेल तर सारा भरायला. पणतू मोठ्या पदाला पोचला आणि पणजोबा क्रौंच छातीवर घेऊन खुर्चीत बसला. तेही अगदी कायद्याने. त्याच्या चित्रावरून 'हे गृहस्थ दरबारात होते' असं कोणी लिहिलं तर ते चूक, आणि 'हे खोटं आहे' असं लिहिलं तर तेही चूक.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. फोटो डकवत नाही, हक्कांची भानगड नको.

रानवाट

पहिला प्रतिसाद पक्षीवाल्यांचा! स्वर्गीय नर्तक सगळ्यांत खाली? आम्ही त्याची एक झलक मिळावी म्हणून भर उन्हात पाणवठ्यावर दोन दोन तास दबा धरून बसतो, आणि तिकडे तो कनिष्ठ कारकून. निषेध.

शंका: भरतकामात नऊ पक्षी ओळखायचे कसे? बगळा, क्रौंच, हंस सगळे धाग्यात सारखेच दिसत असणार.

दप्तरदार

@रानवाट, निषेध पोचवतो, पण तक्ता करणाऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली :)

ओळखायचे शेपटीवरून आणि डोक्यावरून. क्रौंचाच्या डोक्यावर लाल टोपी, बगळ्याला ती नाही. मोराच्या शेपटीत डोळे. स्वर्गीय नर्तकाला दोन लांब पिसं. रुपेरी फेझंटच्या शेपटीची कड करवतीसारखी. लावा अंगभर खवल्यांसारखा आणि जवळजवळ बिनशेपटीचा. पक्षी सगळेच एका पायावर, लाटांतून वर आलेल्या खडकावर, सूर्याकडे मान वळवून उभे असतात. सूर्य म्हणजे बादशहा. भरतकाम करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पक्षी प्रत्यक्ष पाहिले असतील कोण जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे काही चौकोन पाहिले तर पक्षीनिरीक्षकाला गहिवर येईल, पण वेगळ्या कारणाने.

सुईदोरा

भरतकामाचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. मी एका प्रदर्शनात चिंग काळातला असा एक सुटा चौकोन काचेला नाक लावून पाहिला आहे. लाटा, ढग, मेघांतली वटवाघळं, सगळी पार्श्वभूमी एका कापडावर, सोन्याचा मुलामा दिलेला धागा बाहेरून आत गोल गोल फिरवत बारीक टाक्यांनी दाबलेला. आणि पक्षी? तो वेगळ्या कापडावर भरून, कडेने कापून, वरून टाचलेला! कडेचे टाके चक्क दिसत होते. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की बढती झाली की जुना पक्षी उसवून नवा लावता यावा, म्हणून उत्तर काळात अशी सोय करत.

पोशाख आणि चौकोन अधिकाऱ्याने पदरमोड करून करायचा, सरकार देत नसे, हे खरं का?

दप्तरदार

@सुईदोरा, वा! तुमच्यासारख्यांसाठीच धागा काढला. हो, कपडे ज्याचे त्याने करायचे. त्यामुळे एकाच दर्जाचे दोन चौकोन शेजारी ठेवले की एक अप्रतिम आणि दुसरा कसाबसा, असं दिसतं. मिंग काळात चौकोन मोठा असे आणि बरेचदा झग्याच्या कापडातच विणलेला. त्यात पक्षीही सहसा जोडीने. चिंगांनी तो लहान केला, पक्षी एकटा केला आणि वरून शिवायला लागले. चिंगांचा वरचा झगा पुढून उघडतो, त्यामुळे छातीवरचा चौकोन मधोमध दुभागलेला असतो, पाठीवरचा अखंड.

मिंग चित्र ओळखायची आणखी खूण म्हणजे झग्याचा रंग. पहिले चार दर्जे लाल, पाचवा ते सातवा निळा, आठवा-नववा हिरवा. डोक्यावर काळी जाळीदार टोपी, तिला दोन्ही बाजूंना आडवे पंख. चिंगांकडे रंगाचा भेद गेला, सगळे गडद निळ्यात.

कोकमसरबत

छान धागा, वाचतेय. आपल्याकडे देवघरात पूर्वजांचे टाक असतात, तसंच म्हणायचं का हे? आणि एक निरीक्षण: चेहरे प्रत्येकाचे अगदी वेगळे, कोणाला चामखीळ, कोणाचा एक डोळा बारीक, आणि गळ्याखाली मात्र सगळे एका साच्यातले. असं का?

दप्तरदार

@कोकमसरबत, टाकाला जवळची वस्तू त्यांच्याकडे दुसरी आहे: नाव लिहिलेली उभी लाकडी पाटी. शास्त्राप्रमाणे पूर्वजाचा वास तिथे. चित्राला कर्मठ पंडितांचा विरोधच होता. मिंगांच्याही आधीच्या सोंग घराण्याच्या काळातला पंडित चेंग यी (१०३३–११०७) म्हणायचा की चित्रात दाढीचा एक केस जरी जास्त पडला तरी तो माणूस आपला बाप राहत नाही, दुसराच कोणी होतो, आणि मग आपण परक्याला पुजतो. त्याच काळातल्या स्मा ग्वांग या पंडितालाही श्राद्धकर्मात चित्र नको होतं. लोकांनी दोघांचंही ऐकलं नाही. पाटीही ठेवली आणि चित्रही काढून घेतलं.

पण तो दाढीच्या केसाचा धसका मात्र लोकांनी घेतला, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. चेहरा चुकून चालणार नाही. माणूस हयातीत चित्र काढून ठेवत असेल तर ठीक, पण बरेचदा चित्रकाराला बोलावणं यायचं ते मरणानंतर. मग तो प्रेतावरचं रेशमी वस्त्र बाजूला करून चेहरा बघून घ्यायचा. तेही शक्य नसेल तर नमुन्यांची वही उघडायची. तऱ्हेतऱ्हेचे डोळे, नाकं, कपाळं, हनुवट्या. नातेवाइकांनी 'असं नाक, पण जरा बसकं' करत निवडायचं. चौदाव्या शतकात वांग यी नावाच्या चित्रकाराने व्यक्तिचित्रणाची गुपितं लिहून ठेवली, त्यात चेहऱ्याचे आठ घाट चिनी अक्षरांच्या आकारांवरून बेतले आहेत. कोणाचा चेहरा चौकटीसारखा, कोणाचा खाली रुंद, कोणाचा वर.

मुख्य कारागीर चेहरा करणार आणि कपडे, गालिचा, खुर्चीवरचं वाघाचं कातडं हे बाकीचे हात करणार. चित्राखाली सही नाही. म्हणून वर माणूस खरा आणि खाली पोशाख छापील, असं दिसतं.

खडूस_आजोबा

एवढं सगळं वाचून माझं मत: थापा आहेत. मेलेल्या शेतकऱ्याला साहेबाचे कपडे घालायचे, चेहरा वहीतून उचलायचा आणि पोराबाळांनी त्यापुढे डोकं टेकायचं. याला चित्र म्हणत नाहीत, सोंग म्हणतात. वर पैसे देऊन हुद्दा घ्यायची सोय. दप्तरदारांनी त्याचा नुसता उल्लेख केला आणि पुढे सटकले.

दप्तरदार

@आजोबा, सटकलो नाही, दमलो होतो.

विकत घेण्याची सोय खरी आणि उघड होती, चोरून नव्हे. दुष्काळ पडला, पूर आला, लढाई निघाली की सरकारला पैसा हवा, मग दर्जे आणि पदव्या विक्रीला. चिंग सत्तेविरुद्धच्या ताइपिंग बंडात (१८५०–१८६४) तर तिजोरी रिकामी झाल्यावर ही विक्री फारच फोफावली. बहुतेकांना प्रत्यक्ष पद मिळत नसे, मिळायचा तो पोशाखाचा हक्क. पण लोकांना हवा तोच होता. सरकारी नोकरीची परीक्षा देऊन आलेले लोक अशांकडे नाकं मुरडत, हे सांगायला नको.

पण थापा म्हणाल तर पटत नाही. थाप कोणाला मारायची? चित्र बघणार घरचे. सून जाणते, पुतण्या जाणतो, म्हाताऱ्याने काय केलं हे सगळ्या गावाला माहीत. तिथे कोणी चरित्र वाचायला जमत नव्हतं. घराण्याने जी जागा मिळवली त्या जागेवर पूर्वजाला बसवायचं, कारण वरच्या जागेवर बसलेला पूर्वज वरचा आशीर्वाद देणार, असा तो हिशेब. फर्मान त्यासाठीच मागितलं जायचं. बादशहाही ते त्यासाठीच द्यायचा. त्याला खर्च शून्य आणि घराणं तीन पिढ्या उपकृत.

मर्यादा ओलांडणारे होतेच. दर्जा सातवा आणि चित्रात चौथा, अशी हातचलाखी चित्रकाराला दोन पैसे जास्त दिले की होण्यासारखी होती. जिवंत माणसाने असा चौकोन घालून रस्त्यावर जाणं गुन्हा, पण घरातल्या गुंडाळीची झडती कोण घेणार?

खडूस_आजोबा

बरं. सोंग शब्द मागे घेत नाही, पण 'शासनमान्य सोंग' म्हणायला तयार आहे.

चाफेकळी

हाहा, शासनमान्य सोंग +१.

बायकांविषयी कोणीच बोललं नाही अजून. बाईचा हुद्दा कुठून आला? तिला तर परीक्षाच देता येत नव्हती ना?

दप्तरदार

@चाफेकळी, नवऱ्याकडून किंवा मुलाकडून. नवऱ्याचा जो दर्जा तोच तिचा, तोच पक्षी. फक्त तोंड सहसा उलट दिशेला, म्हणजे दोघं शेजारी बसली की दोन्ही पक्षी समोरासमोर. चित्रात तिची खुर्ची तेवढीच मोठी आणि ती त्याच्याइतकीच भरघोस. प्रत्यक्षात घरात तिचं कितपत चालत होतं हा प्रश्न वेगळा, पण नमस्कार दोघांना सारखाच.

एका पुरुषाशेजारी दोन-तीन स्त्रिया, सगळ्या एकाच पोशाखात, असं चित्र दिसलं की लोक लगेच 'जनानखाना' लिहून मोकळे होतात. बरेचदा त्या एकीच्या मृत्यूनंतर दुसरी अशा लग्नाच्या बायका असतात. आयुष्यात एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नसतं आणि चित्रात खांद्याला खांदा. दुय्यम पत्नीचा मुलगा मोठा अधिकारी झाला तर तो जन्मदात्या आईसाठीही मान मागू शकत असे. मग तीही त्या रांगेत.

अजून एक. मांचूंनी पुरुषांना आपला पोशाख आणि वेणी सक्तीची केली, हान बायकांना केली नाही. त्यामुळे चिंग काळातल्या चित्रात नवरा मांचू थाटाच्या पोशाखात आणि बायको मिंग वळणाच्या, डोक्यावर मण्यांच्या माळा सोडलेला फीनिक्सचा मुकुट, खांद्यांवरून झालरीचं अंगवस्त्र. दोघांच्या कपड्यांत एका राजवटीचं अंतर. ती मांचू असेल तर कान बघायचे. एकेका कानात तीन तीन डूल असतात.

फोर्टकर

छातीवर लोंबणाऱ्या माळेविषयी कोणी लिहिलं नाही. मणी १०८, म्हणजे मूळ आपलीच जपमाळ ना?

आणि मुंबईचा एक धागा जोडतो. मुंबईहून कापूस आणि अफू दक्षिण चीनमधल्या कँटन बंदरात (आजचं ग्वांगचौ) जायची, पारशी शेठ स्वतः तिकडे जाऊन राहायचे. त्यांतल्या काहींनी तिथल्या चिनी चित्रकारांकडून तैलरंगात स्वतःची चित्रं काढून घेतली. त्याच बंदरात परदेशी व्यापाराचा परवाना असलेला वू बिंगच्येन (१७६९–१८४३) होता, इंग्रज ज्याला हौक्वा म्हणत. त्या काळच्या जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक. त्याची जी तैलचित्रं आहेत त्यांत तो अधिकाऱ्याच्या पोशाखात, गळ्यात माळ, आणि तो व्यापारी! दप्तरदार म्हणतात तो विकत घेतलेला दर्जा हाच.

दप्तरदार

@फोर्टकर, नेमकं उदाहरण. पण ते पूर्वजचित्र नव्हे हेही बघण्यासारखं आहे. हौक्वा जरा तिरपा बसलाय, बोटं दिसतात, चेहऱ्यावर सावली आहे. ते चित्र परदेशी मित्रांना द्यायला. त्याच माणसाला पुजायचं असतं तर चित्रकाराने त्याला सरळ केला असता, सावली पुसली असती आणि हात घोड्याच्या खुरासारख्या अस्तन्यांत लपवले असते.

माळ बौद्ध जपमाळेवरूनच आली आणि ती परंपरा भारतातूनच तिकडे गेली. चिनी दरबारात तिचं दागिन्यात रूपांतर झालं, जप कोणी करत नसे. दर सत्तावीस मण्यांनंतर एक मोठा मणी, मागे पाठीवर रुळणारं पदक, आणि बाजूंना लहान मण्यांचे तीन पदर. पुरुषाच्या डावीकडे दोन, उजवीकडे एक, बाईचं उलट. मुलकी अधिकारी पाचव्या दर्जापर्यंत आणि लष्करी चौथ्यापर्यंत माळ घालू शकत. त्याखालच्यांना दरबारातली काही ठरावीक कामं सोडली तर मनाई. कोणी चित्र दाखवलं तर मी पक्ष्याआधी माळ बघतो.

बर्फातला_मराठी

मी वॉशिंग्टनच्या जवळ राहतो. इथल्या स्मिथसोनियनच्या सॅकलर गॅलरीत अशा चित्रांचा मोठा संग्रह आहे. रिचर्ड प्रित्झलाफ नावाचा न्यू मेक्सिकोतला एक गृहस्थ, अरबी घोड्यांची पैदास करणारा. त्याने १९३० च्या दशकात पेकिंगहून (आजचं बीजिंग) चित्रं घेतली. त्याची ८५ चित्रं १९९१ मध्ये गॅलरीकडे आली आणि २००१ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. सगळी कायम टांगलेली नसतात, रेशमाला उजेड सोसत नाही. त्यातलं यिन्ती आणि त्याच्या पत्नीचं एकत्र चित्र जरूर बघा.

दप्तरदार

@बर्फातला_मराठी, धन्यवाद, यिन्तीची आठवण काढलीत ते बरं झालं. कांगशी बादशहाचा हा चौदावा मुलगा. १७१८ मध्ये तिबेटच्या मोहिमेवर सेनापती म्हणून गेला, १७२० मध्ये त्याच्या फौजांनी ल्हासा घेतलं, गादीवर हाच येणार अशी बोलवा होती. १७२२ मध्ये बाप वारला आणि गादीवर आला सख्खा थोरला भाऊ, युंगचंग. यिन्तीला आधी बापाच्या समाधीवर पहारा द्यायला पाठवलं, मग कैदेत. पुतण्या च्यानलुंग १७३५ मध्ये बादशहा झाला तेव्हा सुटका आणि पुढे पुन्हा राजपुत्राची पदवी.

चित्रात यातलं काय आहे? काहीच नाही. ड्रॅगन आहेत, खुर्ची आहे, बायको आहे. मोहीम नाही, कैदही नाही. त्या चित्रात मावतो फक्त शेवटचा मान्य झालेला दर्जा.

सुईदोरा

ही चित्रं बाहेर आली कशी पण? पूर्वजाचं चित्र विकणं म्हणजे केवढं पाप वाटत असेल.

दप्तरदार

वाटतच होतं. १९१२ मध्ये चिंग सत्ता गेली, चौकोन आणि टोप्या एका दिवसात निरुपयोगी झाल्या. सरदार घराण्यांचे तनखे बंद पडले, घरं फुटली, पेकिंगच्या दुकानांत गुंडाळ्या येऊ लागल्या. परदेशी लोक भिंतीला शोभा म्हणून घेत. सुटे चौकोन तर पर्सला आणि उशीला लागले. विकताना बरेच जण नाव काढून टाकत, लाजेने. त्यामुळे आज बहुतेक चित्रं अनामिक आहेत. आणि मग अनामिक म्हातारा विकला जात नाही म्हणून विक्रेत्यांनी नवी नावं, नवे हुद्दे लिहिले. पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत घरात उरलेली चित्रं जुन्या रूढींची निशाणी म्हणून जाळली गेली. गेल्या काही दशकांत त्या पोकळीत नकला भरल्या आहेत. चहाच्या पाण्याने पिवळ्या केलेल्या.

जुनाबाजार

गप्प बसून वाचत होतो, आता विचारतोच. आमच्याकडे असं एक चित्र आहे. सिंगापूरला राहत होतो तेव्हा एका दुकानातून घेतलं, दुकानदाराने 'पहिला दर्जा, क्रौंच' म्हणून गळ्यात मारलं. नवरा-बायको, त्याचा निळा झगा, टोपीवरचा मणी पांढरा, पक्षी पांढरा, डोक्यावर लाल. बायकोच्या डोक्यावर तो मण्यांच्या झालरीचा मुकुट. माळ कोणाच्याच गळ्यात नाही. वर उजवीकडे दोन ओळी लिहिलेल्या. काय समजायचं?

दप्तरदार

@जुनाबाजार, माळ नाही हे वाचूनच कान टवकारले. पहिल्या दर्जाचा माणूस आणि बिनमाळेचा, असं सहसा होणार नाही. मणी काचेसारखा आरपार आहे की दुधासारखा? पक्ष्याची मान बघा, कोणत्या रंगाची आहे. बायकोच्या छातीवरचा पक्षी दिसतो का, त्याच्या डोक्यावरही लाल आहे का? आणि विजेरी एका बाजूने आडवी धरून तो लाल भाग बघा. जुन्या रंगाला बारीक तडे असतात. लाल रंग तड्यांच्या वर बसलाय की तड्यांसकट फुटलाय?

जुनाबाजार

बघितलं. मणी दुधी. मान पांढरी. बायकोचा पक्षी मुकुटाच्या झालरीखाली अर्धा झाकलाय, पण डोकं दिसतं आणि त्यावर लाल नाही. नवऱ्याच्या पक्ष्यावरचा लाल ठिपका तड्यांत उतरलाय, म्हणजे तडे आधीचे. आमच्या हिने भिंगातून बघून तेच सांगितलं.

दप्तरदार

मग माझ्या मते तो बगळा आहे. सहावा दर्जा. दुधी मणी, माळ नाही, बायकोचा पक्षी बिनटोपीचा, सगळं जुळतं. कोणीतरी ब्रशच्या एका टोकाने त्याला पाच पायऱ्या वर चढवलंय. वरच्या दोन ओळीही बहुधा त्याच हातच्या असतील, चिनी वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवा.

ठिपका खरवडायला मात्र जाऊ नका. कागदावर किंवा रेशमावर काम करणारा चांगला संवर्धक गाठा, आणि तोवर चित्र उन्हापासून लांब ठेवा. निळा रंगही तपासून घ्या. त्यात कारखान्यात बनवलेला अल्ट्रामरीन निघाला तर चित्र १८२० च्या दशकानंतरचं, कारण त्याआधी तो रंगच अस्तित्वात नव्हता.

सहावा दर्जाही हलका नाही हो. त्याच्यासाठी कोणाचा तरी मुलगा अर्ध्या जन्मभर परीक्षांना बसला असेल. नाहीतर बापाने जमीन विकली असेल.

जुनाबाजार

ठरलं, संवर्धक शोधतो. पैसे मात्र पहिल्या दर्जाचे मोजले होते.

रानवाट

माझ्यासारख्याला विचारलं असतं तर दुकानातच सांगितलं असतं. क्रौंचाची मान काळी असते, शेपटीकडची पिसंही काळी. पांढऱ्या मानेचा क्रौंच बघून मला झोप लागायची नाही. ठिपका देणाऱ्याने निदान मान तरी रंगवायची!